यात्रेत शिव्या देत गाणारा कलाकार: यंदा पुन्हा सुपारी द्यावी का?

माळावरचा

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, नाव मुद्दामच देत नाही. यात्रा कमिटीत यंदा कार्यक्रमाचं काम माझ्या गळ्यात पडलंय म्हणून विचारतोय.

गेल्या यात्रेत पालखीच्या दुसऱ्या रात्री ऑर्केस्ट्रा होता. पार्टी बाहेरची, मुख्य गाणारा मात्र आपल्याच सीमाभागातला. गळा असा की पहिल्या गणालाच म्हातारी माणसं सावरून बसली. दोन भक्तिगीतं झाली, एक लावणी झाली, आणि मग गड्यानं गाणं मधेच तोडून बोलायला सुरुवात केली. पहिला मान पंचायतीच्या अध्यक्षांना. बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीवरून आणि तुंबलेल्या गटारीवरून त्यांना असा भाडखाऊ, रांडेचा करून सोडला की अध्यक्ष स्वतःच तोंडाला टॉवेल लावून हसूलाले. मग आलं उसाचं बिल:

उसाला धरलंय बघा जाडजूड कांड,
बिल मागाया गेलो तर मालक दावतो…

इथं ढोलकीची थाप पडली आणि हा एकदम साळसूदपणे म्हणतो, "…दार!" खरा शब्द त्यानं उच्चारलाच नाही. अख्ख्या माळानं उच्चारला. बिलाची वाट बघत बसलेली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.

शेवटच्या अर्ध्या तासात गाडी घसरली. बायकांच्या बाजूला बघून, साडीचा रंग सांगून, एकेकीला उचलायला लागला. हिरव्या साडीवाल्या वहिनींना काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. आधी दोघी-तिघी उठल्या, मग अख्खी रांगच उठली. पोरं शिट्ट्या मारत होती. दुसऱ्या दिवशी नेमका तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरला आणि पाहुण्यारावळ्यांचे फोन सुरू झाले.

यंदा तरुण मंडळ म्हणतंय, तोच पाहिजे, गर्दी त्याच्यामुळंच होते. भजनी मंडळ म्हणतंय, तो येणार असेल तर आम्ही वीणा खाली ठेवतो. अमावास्येच्या आत सुपारी द्यायची आहे. काय करावं?

निपाणीचा गडी

विचारता काय, द्या की! यात्रा म्हणजे काय प्रवचन हाय व्हय? वर्षभर राबणारा माणूस एक रात्र मोकळं हसतो, ते पण बघवत नाही कुणाला. आमच्याकडं पूर्वी कवलापूरच्या काळू-बाळूंचा फड लागायचा. जुळे भाऊ, दोघं सारखे दिसणारे. कोण काळू आणि कोण बाळू ह्याच्यावरच अर्धा तास जायचा आणि माणसं हसून हसून बेजार. त्यात काय सगळं सोवळ्यातलं बोलणं होतं?

टिळकवाडीकर

वाचून वाईट वाटलं. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाला उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या गुर्लहोसूरचे. गायक वझेबुवांचं वास्तव्य बेळगावात होतं. त्या जिल्ह्यात आता गाणं मधे तोडून आयाबहिणींचा उद्धार चालतो आणि लोक वर्गणी काढून तो ऐकतात. ज्याला गळा आहे त्याला शिवीची गरज का पडावी, हे मला खरोखर कळत नाही.

पुणे मुक्कामी

काका, यादीत एक नाव राहिलं. रावसाहेब कुठले हो? पुलंनी 'गणगोत'मध्ये ज्यांना अजरामर केलं ते आपल्या बेळगावचेच ना? गाण्यासाठी जीव टाकणारा माणूस आणि वाक्यागणिक शिवी. त्यांची शिवी काढून टाकली तर मागं उरतं काय? मी इथं पुण्यात कुणालाही बेळगावचा म्हटलं की पहिला प्रश्न रावसाहेबांवरचाच येतो. शिवी आणि गाणं एका तोंडात राहू शकत नाही, असं निदान बेळगावकरानं तरी म्हणू नये.

टिळकवाडीकर

रावसाहेब बैठकीत बोलायचे, जिव्हाळ्याच्या माणसांत. चार भोंगे लावून हजार माणसांपुढं नव्हे. ज्याला शिवी बसायची त्याला ती कुठून येते हे माहीत असायचं, आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या घरी ते चहाला असायचे. यात्रेतल्या गाणाऱ्याची आणि त्या हिरव्या साडीतल्या बाईची ओळख तरी होती का?

शहापूरची सून

मी मूळची बेळगाव तालुक्यातल्या खेड्यातली. बायकांना शिव्या चालत नाहीत असं कुणी समजू नये. हळदीच्या रात्री पुरुष मांडवातून बाहेर गेले की माझी आजी जी गाणी काढायची ती ऐकून तुमचा गाणारा लाजून घरी गेला असता. विहिणीचं पोट, तिचं खाणं, तिच्या नवऱ्याचं रात्रीचं घोरणं आणि न घोरणं, काही म्हणजे काही सुटायचं नाही. आजीला दात नव्हते, त्यामुळं काही शब्द भलतेच उमटायचे आणि त्यावर आणखी हशा.

पण समोरून विहिणीकडच्या बायका लगेच जवाब द्यायच्या. आमच्या बाजूच्या सातपिढ्या निघायच्या. आणि त्यांच्याकडं गाणारी कमी पडली तर आमच्यातलीच एखादी उठून तिकडं जाऊन बसायची आणि तिकडून आम्हालाच झोडपायची. नुसतं ऐकून घ्यायचं असं नव्हतं. कुणाला रडू आलं तर गाणं तिथंच थांबायचं, आजीच उठून गूळपाणी द्यायची.

हिरव्या साडीवालीनं काय करायचं होतं सांगा? माइक त्याच्या हातात. उजेड तिच्या तोंडावर. उठली तर हसं, बसली तर हसं. घरी गेल्यावर नवरा विचारणार, तुलाच का बोलला?

निपाणीचा गडी

ताई, यात्रेतलं बोलणं यात्रेत सोडायचं असतं. मनावर घेऊ नये.

शहापूरची सून

बरं. तुमच्या आई कोणत्या रंगाची साडी नेसतात तेवढं सांगून ठेवा, यंदा तिथून सुरुवात करू.

चालक

दोन प्रतिसाद काढले आहेत. गाणाऱ्याचं, पार्टीचं किंवा गावाचं नाव ओळखू येईल असं लिहू नये. शिव्यांबद्दल बोलायचं आहे, एकमेकांना द्यायच्या नाहीत.

ढोलकीवाला

अशा गाणाऱ्यांच्या मागं बसून माझे केस पिकले, म्हणून आतली बाजू सांगतो. ज्या रात्रीबद्दल चाललंय त्या रात्री मी नव्हतो.

'कांड' आणि 'दार' हा जो प्रकार वर लिहिलाय त्यात निम्मं काम ढोलकीचं आहे. गाणारा ओळ म्हणत येतो, शेवटच्या शब्दाआधी डोळ्यानं खूण करतो आणि माइक तोंडापासून वीतभर लांब नेतो. त्या फटीत थाप पडायला पाहिजे. जरा आधी पडली तर लोकांना शब्द सुचायला वेळ मिळत नाही. जरा उशिरा पडली तर शब्द सुचून, हसून झालेला असतो आणि थाप फुकट जाते. नेमकी पडली की लोकांच्या तोंडातून तो शब्द निघतो आणि गाणारा नामानिराळा. मग तो वर लोकांनाच झापणार, "काय रे, देवाच्या दारात असं बोलतात?" ह्याला रियाज लागतो. ज्याला लय नाही त्याला शिवी देता येत नाही, तो नुसता घाण बोलतो.

आता ढोलकी मागं पडली आणि ऑक्टोपॅड आला. त्यात कुत्र्याचं केकाटणं, काच फुटणं, पोर रडणं असले आवाज भरलेले असतात. बटण दाबलं की हशा, गाणाऱ्याचे कष्ट वाचले. साऊंडवाला त्यात भर म्हणून इको सोडतो, म्हणजे शिवी एकदा द्यायची आणि ती शाळेच्या भिंतीवर आपटून तीनदा परत येणार.

दुसरी गोष्ट. तमाशात गणानंतर गौळण असते आणि गौळणीत मावशी असते. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या. कृष्ण वाट अडवतो, पेंद्या मधे लुडबुड करतो, आणि मावशी साक्षात देवाला मेल्या, मुडद्या करून झोडपते. पुढं बतावणी, म्हणजे सवाल-जवाबाचा विनोदी प्रवेश. सोंगाड्या वाकडं बोलला की समोरचा सरदार त्याला तिथंच पकडतो, उलटतपासणी घेतो, सगळ्यांदेखत त्याची फजिती करतो. म्हणजे सोंगाड्या शिव्या देतो आणि खातोही, उलट जास्त खातोच. लोकांना त्याचा राग येत नाही कारण सगळ्यांत मोठं गाढव तोच ठरलेला असतो. ऑर्केस्ट्रानं मावशी काढली, सरदार काढला, पेंद्या काढला. माणसं कमी म्हणजे गाडीभाडं कमी, जेवणाची ताटं कमी. उरला एकटा गाणारा. त्याला जवाब कोण देणार?

आणि वेळ. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद, हा नियम २००० सालापासून आहे. पत्रिकेवर साडेसात छापतात. मग पाहुण्यांची वाट, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, देणगीदारांची नावं, प्रत्येकाचे दोन शब्द. नऊ वाजून जातात. उरलेल्या तासात गण पाहिजे, लावणी पाहिजे, नवीन गाणी पाहिजेत, वन्समोअर पाहिजे. पूर्वी एका शिवीसाठी पाव तास बांधणी चालायची. माणूस कोण, गाव कुठलं, सासरवाडी कुठली, करत करत तिथं पोचायचं. आता पाच मिनिटांत हशा काढून दाखव म्हटलं तर गडी काय करणार? समोर जे सगळ्यांत सोपं दिसेल ते उचलणार. अध्यक्षांना बोलायचं तर त्यांची माहिती काढावी लागते, साडीचा रंग नुसता दिसतो.

चिठ्ठ्यांचं राहिलंच. शंभराच्या नोटेला चिठ्ठी टाचून येते, "माझ्या मेव्हण्याला चार शिव्या घाला, तिसऱ्या रांगेत बसलाय." मेव्हणाही खूश, नाव पुकारलं म्हणून. कधीकधी तोच उलट दोनशे पाठवतो.

टिळकवाडीकर

ढोलकीवाले, हा प्रतिसाद आवडला. सत्काराबद्दल तर अगदी शंभर टक्के. मी स्वतः शाल घेऊन बसलेलो असतो, दोषी आम्हीही आहोत.

घटप्रभा

आमच्या घरात कन्नड, दारात मराठी, म्हणून पलीकडचं सांगतो. गोकाक भागातलं कृष्णपारिजात बघितलंय का कुणी? कुळगोडच्या तम्मण्णांनी ते घडवलं म्हणतात. रात्रभर चालतं. रुक्मिणी आणि सत्यभामा पारिजातकाच्या फुलावरून भांडतात आणि मधल्या मधे देवाची पार दैना होते. देवाला बोल लावायचा तर तिथंही कुणी मागंपुढं बघत नाही.

आणि गीगी पद. मराठीत कलगी-तुरा, तसं आमच्याकडं हरदेशी-नागेशी. एक मेळ पुरुषाची बाजू धरणार, दुसरा बाईची. डफ, तुणतुणं आणि मागं झील धरणारे, 'जी जी' पण तेच. बाईची बाजू घेऊन गाणारी बाई उभी राहिली की समोरच्या पुरुषांची अशी सालटी काढते की ते पदर मागतील तोंड झाकायला. मोबाइलवर आता त्यातलं नुसतं द्वयर्थी तेवढं कापून टाकतात, पण पूर्ण रात्र बसा, दोन्ही बाजू सारख्याच मार खातात.

तुमच्या गाणाऱ्याला कन्नड येतं का हो?

माळावरचा

येतं की. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाला त्यानं शुद्ध धारवाडी कन्नडमधून असा काही घेतला की आम्ही घाबरलो, आता कार्यक्रम बंद पडतोय म्हणून. पोलीस खूश! त्याला वाटलं मराठी कार्यक्रमात आपल्याला कोण विचारणार, तर ह्यानं त्याच्या भाषेत त्याची टोपी उडवली. जाताना हात मिळवून गेला.

गंमत बघा. परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये द्यायचा, फलकावर काय लिहिलंय ते दोनदा बघून गेले, सीमाप्रश्नावर कोण बोलणार नाही ना असं तिनदा विचारलं. गाण्यात कोण कुणाच्या आईला काय म्हणणार आहे, हे एकानंही विचारलं नाही.

चंदगडी

मी हद्दीच्या पलीकडचा, पण बोलणं तुमच्यासारखंच आणि यात्राही तुमच्याच. बंदी घाला म्हणणाऱ्यांनी मागचा इतिहास बघावा. स्वातंत्र्य मिळालं आणि लगेच मुंबई सरकारनं अश्लील म्हणून तमाशावर बंदी घातली. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होतं, म्हणजे ती बंदी तुमच्या गावालाही लागू. पुढं अटी घालून उठवली, संहिता तपासून घ्यायची वगैरे. आता बतावणीची कसली संहिता? ती समोरची माणसं बघून तिथल्या तिथं होते. आज टाकी बंद असेल तर टाकीवर, उद्या लाइट गेली तर लाइटवर.

अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाच्या गणातला गणपती काढला आणि मातृभूमीला वंदन केलं. सोंगाड्या मात्र काढला नाही. सावकाराला आणि पुढाऱ्याला तोंडावर बोलायला माणूस तोच लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. तुमच्याकडं उसाचं बिल चौदा दिवसांत द्यावं असा कायदा आहे, तरी शेतकरी हेलपाटे घालतोय. त्या मालकाचं नाव भर माळावर घ्यायची टाप दुसऱ्या कुणाची झाली होती का?

पुणे मुक्कामी

चौदा दिवस. हाहा. 'दार' दाखवतो ते बरोबरच आहे मग.

निपाणीचा गडी

चंदगडी भावा, एक नंबर. हेच म्हणूलालतो मी.

शहापूरची सून

चंदगडी दादा, मालकाला बोलला त्याला आम्ही पण टाळ्या वाजवल्या असत्या. मालक आणि हिरवी साडी एकाच वाक्यात घालू नका एवढंच. मालकाच्या हातात कारखाना आहे.

कोर्ट रोड

कायद्याचं थोडक्यात लिहितो, कारण कमिटीवर नावं असलेल्यांना ते कामाला येईल.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी किंवा त्याच्या जवळ अश्लील गाणं, कवन किंवा शब्द म्हणणे आणि त्यामुळं इतरांना उपद्रव होणे, हे कलम २९६. आधीच्या भारतीय दंड संहितेतलं २९४. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'उपद्रव' ह्यावर भर द्या. अध्यक्ष हसत बसले असतील आणि कुणीच तक्रार केली नाही तर हे कलम उभं राहणं अवघड. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये एका वेबमालिकेच्या खटल्यात सांगितलंय की भाषा शिवराळ आहे म्हणून ती आपोआप अश्लील ठरत नाही. तो खटला माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा होता, पण युक्तिवादात तो दाखवता येतो.

बाईला नेमून, तिचा अपमान करायच्या हेतूनं बोललेला शब्द वेगळा. ते कलम ७९, जुनं ५०९. तिथं तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. म्हणजे भाडखाऊ म्हणून तो सुटेल, हिरव्या साडीवर अडकेल. आणि कमिटीनं ते माहीत असून पुन्हा बोलावलं तर उद्या पोलीस ठाण्यात पहिला फोन कुणाला जाईल ते सांगायला नको.

भोंग्याचं असं आहे की वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं, ते सणासुदीला. तुमची यात्रा त्यात येते का ते आधी विचारून घ्या.

माळावरचा

वकीलसाहेब, हे मी छापून कमिटीच्या वहीत चिकटवलं.

टिळकवाडीकर

एक शंका. गाण्याच्या आधी त्याला समजावून सांगितलं, की बाबा राजकारण घे, अध्यक्ष घे, ऊस घे, बायका सोड, तर तो ऐकेल का? की कलाकार माणूस रंगात आला की विसरला?

ढोलकीवाला

ऐकेल. हे लोक अडाणी नसतात. समोर बारा गावचं पब्लिक, कुठं काय चालतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर गाताना तोंडातून एक वाकडा शब्द काढत नाहीत हेच लोक. पण नुसतं 'नको' सांगाल तर त्याच्याकडं शेवटचा अर्धा तास रिकामा राहील आणि शिट्ट्या सुरू झाल्या की पाय घसरणारच. त्या अर्ध्या तासात त्याला काम द्या. गौळण लावा. मावशी करणारे दोन-चार जण अजून आहेत आपल्या भागात, त्यातल्या एकाला आणा. त्याहून बरं म्हणजे तोंडानं तिखट असलेली लावणीवाली बाई आणा, तिला वेगळा माइक द्या, आणि साऊंडवाल्याला बजावून ठेवा, तिचा आवाज कमी करायचा नाही. मी दोन-तीन जागी बघितलंय, बाईच्या माइकचा आवाज हळूच खाली करतात.

घटप्रभा

आमच्याकडं या म्हणावं, नागेशीवाल्या बायका देतो. मराठी पण येतंय त्यांना. गड्याला घाम फुटेल.

माळावरचा

काल रात्री कमिटी बसली. सगळं सांगतो.

सुपारी त्यालाच द्यायची ठरलं. सोबत दुसऱ्या पार्टीतली गौळण-लावणी करणारी एक कलाकार आणि मावशी. दोघींना, म्हणजे एक बाई आणि एक बाप्या, वेगवेगळे माइक. प्रेक्षकांतल्या कुठल्याही बाईवर बोट करायचं नाही, केलं तर सुपारीतले उरलेले पैसे मिळणार नाहीत, हे आगाऊ रक्कम देतानाच कागदावर. भजनी मंडळानं भारुड मागितलं, ते संध्याकाळी सहाला. त्यांच्यातल्या एकानं हळूच विचारलं, मावशीचं काम मी केलं तर चालेल का.

आता खरी मारामारी ऐका. मला वाटलं होतं शिव्यांवरून भांडणं होतील. शिव्यांवरून कुणी ब्र काढला नाही. भांडण लागलं सत्कारांवरून! मी म्हटलं, ढोलकीवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे, सात म्हणजे सात वाजता गण, सत्कार एकही नाही. झालं. देणगीदार उठले, माजी अध्यक्ष उठले, सोसायटीचे चेअरमन उठले. एक जण म्हणाला, मग वर्गणी परत द्या. आणि आमचे अध्यक्ष, ज्यांना मागच्या वर्षी भर माळावर रांडेचा केला होता, ते शांतपणे म्हणाले, "मला शिव्या किती पण घालू देत, पण शाल पाहिजे."

शेवटी सगळ्यांचे सत्कार सकाळी पालखीच्या वेळी, देवळात. तिथं गर्दी कमी म्हणून अजून कुरकुर चालू आहे.

पुणे मुक्कामी

अध्यक्षांना माझा साष्टांग नमस्कार. ह्यावरच एक बतावणी होईल.

ढोलकीवाला

होणारच. गाणाऱ्याच्या कानावर घाला फक्त.

माळावरचा

घातलं. फोनवर आधी खूप हसला. मग म्हणाला, बाई जवाब देणार असेल तर मला चालतंय, पण ती कोण ते आधी कळवा, तयारी करावी लागेल.

शहापूरची सून

कळवू नका.

निपाणीचा गडी

ढोलकी खरी ठेवणार का ऑक्टोपॅडवरची? खरी असेल तर आम्ही दोन गाड्या भरून येतो.

माळावरचा

खरी. हलगी पण आहे. गाड्या शाळेच्या मागं लावा, पुढं पाळणे येतात.